तोंडी अठरावे शतक, बिलावर नुसती शैली

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पत्रलेखिका गेली ९ वर्षे फ्रान्समधील लिऑन शहरात राहतात. त्यांच्या वडिलांनी पुण्यात ३० वर्षे फ्रेंच शिकवले आणि येत्या जानेवारीत ते ७५ वर्षांचे होतील. लिऑनमधील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांनी उतरत्या झाकणाचे, जडावकाम (वेगवेगळ्या लाकडांच्या पातळ तुकड्यांची नक्षी) केलेले एक लिहिण्याचे मेज पाहिले असून ते वडिलांना भेट म्हणून पाठवण्याचा त्यांचा विचार आहे. किंमत ९,८०० युरो सांगितली आहे. मेज फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळातले, म्हणजे अठराव्या शतकातले आहे असे दुकानदार सांगतो आणि मागच्या कडेवर लाकडात ठोकलेले ‘मिजों’ हे नाव दाखवतो. बिलावर मात्र तो ‘पंधराव्या लुईच्या शैलीतील मेज’ एवढेच लिहिणार आहे, कारण त्याच्या म्हणण्यानुसार त्यामुळे भारतात पाठवण्याची कागदपत्रे सोपी होतात. पतीच्या मते शिक्का आहे म्हणजे मेज खरे आहे. पुण्यातल्या भावाच्या मते एवढ्या पैशांत बाबांना दहा सागवानी मेजे येतील. ‘हे मेज खरे आहे का, हे मी कसे ओळखू, आणि घेऊ की नको?’ असे त्या विचारतात.

उत्तर:

तुमच्या पत्रासोबतची छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली. मेज देखणे आहे आणि तुमचे मन त्यावर का बसले हे समजते. तरीही माझी नजर सर्वांत जास्त वेळ थांबली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या बिलाविषयीच्या वाक्यावर, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच वाक्यात आहे. लाकूड, पितळ आणि शिक्का यांच्याकडे आपण पुढे वळू, परंतु सुरुवात कागदापासून करावी लागेल.

जुन्या वस्तूंच्या विक्रीत कोणता शब्द कोणती हमी देतो, हे फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ च्या शासकीय आदेशाने ठरवून दिलेले आहे. वस्तूच्या नावापुढे लगेच आणि केवळ एखाद्या कालखंडाचा किंवा शतकाचा उल्लेख आला, उदाहरणार्थ ‘मेज, पंधराव्या लुईचा काळ’, तर ती वस्तू प्रत्यक्ष त्याच काळात तयार झाली आहे अशी हमी विक्रेता देत असतो, आणि तिचे काही भाग नंतरचे असतील तर तेही त्याने खरेदीदाराला सांगायला हवे. याउलट त्या नावाआधी ‘स्तील’, म्हणजे शैली, हा शब्द आला की काळाची कोणतीही हमी उरत नाही. गेल्या वर्षी तयार झालेले मेजही ‘पंधराव्या लुईच्या शैलीतील’ असू शकते. खरेदीदाराने मागितल्यास वस्तूचे स्वरूप, घटक, मूळ आणि वय नमूद केलेले बिल देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. थोडक्यात, तुमचा दुकानदार तोंडाने एक वस्तू विकतो आहे आणि कागदावर दुसरीच.

आता त्याने दिलेले कारण तपासून पाहू. फ्रान्समधून सांस्कृतिक वारसा बाहेर नेण्यासाठी प्रमाणपत्र लागते हे खरे आहे, पण फर्निचरच्या बाबतीत ते तुमच्या मेजाच्या कितीतरी पट किमतीच्या वस्तूंना लागते, त्यामुळे ९,८०० युरोंच्या मेजाला त्या अडचणीतून सोडवण्याचा प्रश्नच येत नाही. भारतीय सीमाशुल्कात १०० वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंसाठी वेगळे शीर्षक आहे. त्यात बसायचे असेल तर वय कागदावर असायलाच हवे आणि ‘शैली’ या शब्दाने ते पुसले जाते. म्हणजे ज्या सोयीसाठी तो शब्द बदलतो आहे असे सांगतो, ती सोय त्यातून मिळतच नाही. शिवाय बिलातील माहिती आणि खरी वस्तू यांत फरक आढळला तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे उत्तर द्यावे लागेल ते तुम्हाला. दुकानदाराचा हेतू वाईटच आहे असे मी म्हणत नाही. त्याला स्वतःलाच खात्री नसेल, आणि जे त्याने आधीच्या दुकानदाराकडून ऐकले तेच तो तुम्हाला सांगत असेल, हेही शक्य आहे. पण ज्याला खात्री नाही त्याने अठराव्या शतकाची किंमत मागू नये.

आता शिक्क्याविषयी. तुमच्या पतींचा समज अगदी स्वाभाविक आहे, पण तो पुरेसा नाही. पॅरिसच्या सुतार आणि जडावकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघाने आपल्या मास्तरांना, म्हणजे संघाची मान्यता असलेल्या कारागिरांना, नावाचा शिक्का, म्हणजे ‘एस्ताँपीय’, ठोकणे बंधनकारक केले ते १७४३ च्या नियमावलीने, आणि ती लागू झाली १७५१ मध्ये. संघाच्या तपासनीसांनी माल पसंत केला की ‘जे. एम. ई.’ ही संघाच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे वेगळी ठोकली जात. १७९१ मध्ये असे सर्व संघ बरखास्त झाले आणि ही सक्तीही संपली. म्हणजे १७५१ च्या आधीची किंवा पॅरिसबाहेरची कितीतरी अस्सल मेजे शिक्क्याविना आहेत. तुमच्या शेजारच्या ग्रनोब्लमधील आश घराण्यातल्या कारागिरांनी तर आपल्या कामावर छापील कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या. राजाच्या आश्रयाखाली काम करणाऱ्यांना संघाचा नियम लागू नव्हता. व्हर्साय राजवाड्यातले पंधराव्या लुईचे प्रसिद्ध गोल झाकणाचे मेज ओएबेन या कारागिराने १७६० मध्ये सुरू केले, त्याच्या मृत्यूनंतर रीझनेरने १७६९ मध्ये पूर्ण केले, आणि त्यावरचे रीझनेरचे नाव जडावकामातच लिहिलेले आहे.

‘मिजों’ या नावाची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पॅरिसच्या फोबूर सँतांत्वान भागातले हे घराणे कारागिरांचे होते तसेच व्यापाऱ्यांचेही होते. इतर कारागिरांकडून घेतलेला माल ते विकत, आणि अशा मालावर त्यांचा शिक्का येई. त्या काळी दुरुस्ती करणारा मास्तरही दुरुस्त केलेल्या वस्तूवर आपला शिक्का ठोकत असे. म्हणून शिक्का खरा असला तरी तो ‘हे मिजोंने बनवले’ असे सांगत नाही. शिवाय शिक्का हे फर्निचरवरचे सर्वांत छोटे आणि नक्कल करायला सर्वांत सोपे काम आहे. एक लोखंडी ठसा आणि हातोडीचा एक घाव पुरतो. खऱ्या शिक्क्याच्या खोबणीत आजूबाजूच्या लाकडाइतकाच जुना मळ आणि काळेपणा असतो. खोबणीच्या आतले लाकूड उजळ असेल, किंवा मळ नुकताच भरल्यासारखा एकसारखा असेल, तर सावध व्हा.

नकलांविषयी बोलताना आपण बहुतेकदा कच्च्या, ओबडधोबड कामाची कल्पना करतो, आणि मला वाटते घात होतो तो याच कल्पनेने. ऑर्लेआँ शहरातील आंद्रे मायफेर यांच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ‘जुने’ फर्निचर मोठ्या प्रमाणावर तयार होत होते. मालाला वंशावळ मिळावी म्हणून त्यांनी अठराव्या शतकातला हार्डी नावाचा एक कारागीरच कल्पून काढला आणि लोकांनी तो खरा मानला. हे सारे त्यांनीच १९३५ मध्ये आठवणी लिहून जाहीर केले. अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, व्हर्साय राजवाड्यानेही अठराव्या शतकातील समजून नकली खुर्च्या विकत घेतल्याचे उघड झाले आणि जून २०२५ मध्ये पाँत्वाझच्या न्यायालयाने त्या प्रकरणात एका नामांकित तज्ज्ञाला आणि एका कसबी लाकूडकारागिराला दोषी ठरवले. ज्यांचे आयुष्य या वस्तूंमध्ये गेले तेही फसले, तेव्हा छायाचित्रांवरून मी ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा निवाडा देणे तुमच्याशी प्रामाणिक ठरणार नाही.

पण संपूर्ण नक्कल ही तुमच्या बाबतीत मला सर्वांत मोठी शक्यता वाटत नाही. उतरत्या झाकणाच्या मेजांत, ज्यांना फ्रेंच लोक ‘ब्युरो द पाँत’ म्हणतात, अधिक वेळा आढळते ते अर्धसत्य. अठराव्या शतकातले एखादे साधे मेज घेऊन एकोणिसाव्या शतकात त्यावर नवे फुलांचे जडावकाम चढवले जाते, चारी कोपऱ्यांना मुलामा दिलेली पितळी नक्षी लावली जाते. किंवा एका मेजाचा वरचा भाग दुसऱ्याच्या पायांवर बसवला जातो. अशा वस्तूत सांगाडा खराच जुना असतो, म्हणून आत पाहणाऱ्याची मेज जुनेच असल्याची खात्री पटते. आपला प्रश्न म्हणूनच ‘खरे की खोटे’ असा न ठेवता ‘कोणता भाग कोणत्या काळचा’ असा ठेवा, म्हणजे तपासणीला दिशा मिळेल.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा सोबत एक लहान बॅटरी आणि भिंग न्या आणि सगळे खण पूर्ण बाहेर काढून देण्याची विनंती करा. चांगला दुकानदार आनंदाने काढून देतो. खणांच्या कोपऱ्यांतले डोव्हटेल सांधे, म्हणजे एकमेकांत अडकणारे दातेरी सांधे, पाहा. हाताने कापलेल्या सांध्यांचे दात एकसारखे नसतात, आणि पटाशीने कापण्याआधी आखलेली बारीक रेषही अनेकदा दिसते. खणाच्या तळाला आणि मेजाच्या पाठीला बॅटरीचा प्रकाश तिरपा टाका. हातकरवतीच्या खुणा सरळ, किंचित वेड्यावाकड्या असतात. कमानीसारख्या वक्र रेषा दिसल्या तर ती गोल करवतीची कापणी आहे, आणि फर्निचरच्या कामात ती रूढ झाली एकोणिसाव्या शतकात. स्क्रू काढून पाहता आला तर त्याचे टोक पाहा. अणकुचीदार टोकाचे यंत्रनिर्मित स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आले. त्याआधीचे बोथट असत आणि त्यांच्या डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसे. एखादाच स्क्रू नवा असेल तर घाबरू नका, अडीचशे वर्षांत स्क्रू बदलावा लागणारच. सगळेच नवे असतील तर विचार करा.

व्हिनियरची, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, जाडी कुलपाच्या भोकाच्या कडेला किंवा जिथे तुकडा उडाला आहे तिथे दिसते. हाताने करवतलेले जुने व्हिनियर साधारण १ ते २ मिलिमीटर जाड असते. यंत्राने कापलेले त्याहून पातळ, पुष्कळदा १ मिलिमीटरच्या आतले. लाकूड शिरांच्या आडव्या दिशेने आकसते, त्यामुळे जुन्या सांगाड्यावरच्या जडावकामात सांध्यांच्या रेषेवर बारीक चिरा येतात. सांगाड्याच्या फळ्या आकसलेल्या आणि वरची फुले मात्र अखंड, गुळगुळीत, असे दिसले तर ती फुले उशिरा आली असण्याचा संभव मोठा. पितळी नक्षी एखाद्या ठिकाणी सैल असेल तर तिच्याखाली जुन्या, आता न वापरलेल्या भोकांच्या खुणा आहेत का ते पाहू द्यावे अशी विनंती करा. नक्षीवर मुकुट घातलेल्या ‘सी’ अक्षराचा छोटा ठसा आढळला तर तो तांब्यावरच्या कराचा असतो, आणि हा कर फक्त १७४५ ते १७४९ या काळात होता. ठसा मदतीचा आहे, पण नक्षी एका मेजावरून दुसऱ्यावर जाऊ शकते हे विसरू नका.

सर्वांत जास्त वेळ द्या तो आतल्या चोरकप्प्याला. अशा मेजांत लिहिण्याच्या पृष्ठभागाखाली बहुधा एक सरकती फळी असते आणि तिच्याखाली एक लहानशी विहीर. नकली किंवा सजवलेले मेज करणारा दर्शनी भागावर कष्ट घेतो. या अंधाऱ्या जागेतले लाकूड, तिथल्या रंध्याच्या खुणा आणि सरकफळी घासून झालेली झीज इतर भागांशी जुळते का, हे पाहायला फारसे कोणी जात नाही. मी स्वतः जुन्या फर्निचरकडे पाहताना सुरुवात इथूनच करते.

एवढे पाहूनही निर्णय तुम्ही एकटीने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रीशी काडीचाही संबंध नसलेला तज्ज्ञ घ्या. लिऑनच्या अपील न्यायालयाकडे न्यायालयीन तज्ज्ञांची यादी असते, आणि ‘कोंपान्यी नास्योनाल देझ एक्स्पेर’ सारख्या व्यावसायिक संस्थांचे सभासदही शोधता येतात. तज्ज्ञाला शुल्क ठरवून द्या, किमतीच्या टक्केवारीवर नको, आणि लेखी अहवाल मागा. दुकानदाराला मात्र एकच गोष्ट विचारा: तज्ज्ञाने काळाची पुष्टी केली तर तुम्ही बिलावर ‘पंधराव्या लुईचा काळ’ असे, आणि नंतर बदललेल्या भागांची नोंद करून, लिहाल का? तो हो म्हणाला तर पुढे बोलण्यासारखे आहे. त्याने तज्ज्ञाला आत येऊ द्यायलाच नकार दिला, किंवा दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे म्हणून घाई केली, तर मेज तिथेच राहू द्या. सर्वसाधारण दर्जाच्या अठराव्या शतकातील फर्निचरच्या किमती गेल्या पंचवीसेक वर्षांत उतरल्या आहेत. चांगले मेज पुन्हा भेटते. आणि याच कारणामुळे या खरेदीकडे गुंतवणूक म्हणून पाहू नका.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे, ते मला हळुवारपणे बाजूला काढायचे आहे: अठराव्या शतकातले म्हणजे बहुमोल, आणि नंतरचे म्हणजे फसवणूक. लंडनच्या वॉलेस संग्रहालयात व्हर्सायच्या त्याच राजमेजाची, लॉर्ड हर्टफर्ड यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकात बनवलेली प्रतिकृती मानाने मांडलेली आहे. पॅरिसमध्ये १९०० च्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवणाऱ्या फ्रांस्वा लिंक यांचे काम अठराव्या शतकाच्या प्रेरणेतूनच आलेले आहे आणि संग्राहक ते त्यांच्या नावानेच शोधतात. एकोणिसाव्या शतकातले प्रामाणिक मेज एकोणिसाव्या शतकातले म्हणून, त्या किमतीत विकले गेले, तर त्यात कोणाचीही फसवणूक नाही. तुम्हाला आणि तुमच्यासारख्या इतरांना मी आणखी एक वाट सुचवेन, ती म्हणजे प्रांतिक फ्रान्समधली साधी, भरीव अक्रोडाची उतरती मेजे. त्यांवर जडावकाम नसते, पितळ थोडे असते, नक्कल करणाऱ्याला त्यात फारसा फायदा नसतो, आणि पुण्याच्या हवेत ती अधिक तग धरतील.

पुण्याच्या हवेचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. जुने व्हिनियर जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवलेले असते, आणि सरस उष्णता आणि ओल यांनी सैल होतो. मेचा कोरडा उन्हाळा आणि लगेच जूनची दमट हवा हा फेरा जडावकामाला सोसणे कठीण आहे. पाठवायचेच असेल तर मेज हिवाळ्यात पोहोचेल असे पाहा, उष्णतेची प्रक्रिया केलेल्या, शिक्कामोर्तब झालेल्या लाकडी पेटीतून पाठवा, आणि ते खिडकीजवळ किंवा वातानुकूलकाच्या झोतात ठेवू नका.

पंधराव्या लुईच्या काळातील व्हिनियरचे ‘ब्वा द रोझ’ आणि ‘ब्वा द व्हियोलेत’ हे लाडके लाकूड दालबर्जिया कुळातल्या ब्राझीलमधील जातींचे आहे, म्हणजे आपल्या शिसवीच्याच कुळातले. बाबांना ही गोष्ट ऐकून आनंद होईल. पण या संपूर्ण कुळावर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. नोव्हेंबर २०१९ पासून एका खेपेत अशा लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असलेल्या तयार वस्तूंना सवलत आहे. तुमच्या मेजावरचे पातळ व्हिनियर बहुधा त्या मर्यादेत बसेल, पण लाकडाचे नाव आणि अंदाजे वजन वाहतूकदाराकडून लेखी घ्या. ब्राझिलियन रोझवुडला मात्र अधिक कडक नियम आहेत, ते असल्यास आधी चौकशी करा.

भाऊ म्हणतो त्यात, कठोर शब्द वगळले तर, एक चांगला प्रश्न दडला आहे: बाबांना हे मेज हवे आहे का? तुम्ही लिहिता की लहानपणी त्यांनी तुम्हाला व्हर्सायच्या राजमेजाचे चित्र दाखवून प्रत्येक खणाचे नाव फ्रेंचमध्ये शिकवले होते. त्या आठवणीची परतफेड करावी असे वाटणे अतिशय सुंदर आहे. पण ७५ व्या वर्षी, दुसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात, ओल आणि कसर यांची रोज काळजी करावी लागणारे मेज त्यांच्या खोलीत आले तर त्यावर ते लिहितील, की त्याची राखण करतील? हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, आणि अनपेक्षित भेटीचा आनंद थोडा कमी झाला तरी त्यांना आधी विचारावे असे मला मनापासून वाटते. जिन्याची आणि दाराची रुंदी मोजायलाही त्यांचीच मदत लागणार आहे.

विचारताना दुसरा पर्यायही त्यांच्यापुढे ठेवा. ९,८०० युरोंपैकी थोड्याच भागात आई-बाबा दोघेही उन्हाळ्यात फ्रान्सला येऊ शकतील. उरलेल्यात, बाबांनीच पाहून निवडलेले अक्रोडाचे मेज घेता येईल, आणि ते लिऑनमध्ये तुमच्या घरी ठेवायचे की पुण्याला न्यायचे हेही तेच ठरवतील. व्हर्सायला नेणार असाल तर एक लक्षात ठेवा: ते राजमेज राजाच्या खाजगी दालनांत आहे, तिथे मार्गदर्शकासोबतच्या फेरीनेच जाता येते, आणि त्या फेरीसाठी आधी वेळ घेऊन ठेवावी लागते.